बालिसोंग
बालिसोंग : दोन सुट्या मुठींच्या मध्ये पाते मिटवून ठेवण्याची सोय असलेली, मुख्यत्वे फिलिपीन्समध्ये रूढ झालेली सुरी. पात्याच्या बुडाशी शेजारीशेजारी दोन खिळी असतात व त्यांभोवती एकेक मूठ परस्परविरुद्ध दिशांनी सु. १८०° फिरते. मुठी पात्याकडे वळविल्या म्हणजे पाते त्यांच्या खोबणींत लपते; उलट दिशेस वळविल्या म्हणजे पाते उघडे पडते आणि दोन्ही मुठी एकत्र येऊन एक सलग मूठ बनते. अर्धवट उघडलेल्या सुरीच्या मुठी पसरलेल्या पंखांसारख्या दिसतात, म्हणून इंग्रजीभाषक देशांत तिला ‘बटरफ्लाय नाइफ’ (फुलपाखरी सुरी) हे नाव पडले. अडकित्त्याप्रमाणे हिलाही दोन दांडे असले, तरी अडकित्त्याचे दांडे एकाच खिळीवर फिरतात व त्यांपैकी एकास धार असते. बालिसोंगचे दोन्ही दांडे केवळ मुठी असून धार तिसऱ्याच भागास असते. आपल्याकडील रामपुरी चाकूशीही तिची गल्लत करू नये. रामपुरीचे पाते एका मुठीत मिटते व खटक्याने अडकून राहते. बालिसोंगमध्ये पाते उघडण्यासाठी स्प्रिंग नसते. हाताचा झोका व वजन यांवरच ती उघडते आणि मिटते.

नेहमीच्या बालिसोंगची उघडलेली लांबी २३ ते २६ सेंमी. व पात्याची लांबी सु. १० सेंमी. असते. यांखेरीज ३५ ते ४० सेंमी. किंवा त्याहूनही लांब सुऱ्या बनविल्या जातात. शोभेची वस्तू, कारागिराच्या कसबाचा नमुना किंवा प्रेक्षकांसमोर फिरविण्याचे साधन म्हणून त्यांना मागणी असते. लहान सुरी सफाईने फिरविणारा मनुष्य मोठी सुरीही तितक्याच सहजतेने हाताळील, असा समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे. आकार वाढला की सुरीचे यांत्रिक वर्तनच बदलते आणि लहान सुरीवर अंगवळणी पडलेल्या काही सवयी मोठ्या सुरीवर थेट अपायकारक ठरतात.

नाव व इतिहास : लूझॉन बेटावर, मानिलाच्या दक्षिणेस असलेला बातांगास प्रांत हे या सुरीचे माहेरघर होय. त्या प्रांतातील ताल या गावाच्या एका वस्तीचे नावच बालिसोंग असे आहे व तेथे घरोघरीच्या लहान कार्यशाळांतून या सुऱ्या बनत आल्या आहेत. टागालोग भाषेतील ‘बाली’ (मोडणे) व ‘सुंगाय’ (शिंग) या शब्दांवरून हे नाव आले, अशी लोकांत प्रचलित असलेली व्युत्पत्ती आहे. मुठींना रेड्याचे शिंग वापरण्याची प्रथा असल्याने ती पटण्याजोगी वाटते, पण तिला लोकव्युत्पत्तीपलीकडे स्थान देता येत नाही. ‘बेंतिनुएबे’ म्हणजे स्पॅनिशमधील ‘एकोणतीस’ हे तिचे दुसरे नाव. उघडलेल्या सुरीच्या २९ सेंमी. लांबीशी त्याचा संबंध जोडला जातो; एका वीराने एकोणतीस शत्रूंना लोळविल्याच्या दंतकथेपेक्षा हे स्पष्टीकरण अधिक साधे आहे.

दुहेरी मुठीत मिटणारी सुरी ही कल्पना केवळ फिलिपीन्सचीच असे मात्र म्हणता येत नाही. अठराव्या शतकात फ्रान्समध्येही अशा रचनेची, मोजपट्टीची जोड असलेली हत्यारे बनत. आशियातून ती यूरोपात गेली की तेथून स्पॅनिश राजवटीबरोबर फिलिपीन्समध्ये आली, हा वाद मिटलेला नाही. एवढे निश्चित, की एका हाताने ती झटकन उघडण्याची व मिटण्याची कला फिलिपीन्समध्येच फुलली. दोर कापणे, फळे सोलणे, मासळी साफ करणे या नित्याच्या कामांसाठी शेतकरी व कोळी ती वापरीत. दुसऱ्या हातात दोर वा जनावर असताना सुरी एकहाती उघडता यावी, ही सोय साध्या कष्टकऱ्यासही मोलाची होती. तिच्या कौतुकाचे मूळ येथे आहे; हाणामाऱ्यांतील लौकिक नंतर पसरला.

दुसऱ्या महायुद्धात व त्यानंतर फिलिपीन्समध्ये राहिलेल्या अमेरिकन सैनिकांनी आणि स्थलांतरित फिलिपिनोंनी ही सुरी अमेरिकेत नेली. १९८० च्या सुमारास तेथे अधिक काटेकोर मापांच्या, पोलादी व टिटॅनियमी मुठींच्या सुऱ्या तयार होऊ लागल्या. जेफ इमाडा यांचे बालिसोंगच्या हाताळणीवरील पुस्तक १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर चित्रपटांनी तिला घराघरांत पोहोचविले. २०१४ मध्ये ‘काउंटर-स्ट्राइक’ या संगणकीय खेळात ती आल्यावर, प्रत्यक्ष सुरी कधीही हातात न घेतलेल्या लाखो मुलांना तिच्या हालचाली डोळ्यांनी पाठ झाल्या. पडद्यावरील सुरीला वजन नसते व धारही नसते. अनेक नवशिक्यांचा गैरसमज नेमका तेथून सुरू होतो.

रचना : पाते, दोन मुठी, दोन खिळी व मुठी एकत्र बांधून ठेवणारी कडी हे बालिसोंगचे मुख्य भाग होत. मुठी दोन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारात धातूच्या एकाच तुकड्यात पन्हळीसारखी खोबण कोरलेली किंवा ओतून घेतलेली असते. दुसऱ्या प्रकारात दोन पट्ट्यांमध्ये ठोकळे घालून त्या स्क्रूंनी वा रिव्हेटांनी जोडतात. बातांगासच्या जुन्या धाटणीच्या सुरीत पितळी सांगाड्यावर शिंग, हाड वा लाकूड बसविलेले असते. पात्यासाठी मोटारगाड्यांच्या कमानींचे आणि बेअरिंगांचे टाकाऊ पोलाद वापरण्याची तेथील कारागिरांची रीत प्रसिद्ध आहे.

पात्याच्या बुडाशी एक आडवी पिन किंवा दोन्ही बाजूंस लहान उंचवटे ठेवलेले असतात. मुठी येऊन आदळतात त्या यांवर. त्यांच्यामुळे मुठी ठराविक जागी थांबतात व मिटताना धार खोबणीच्या तळावर आपटून बोथट होत नाही. लहान सुरीत हा भाग क्वचितच नजरेत भरतो, परंतु मोठ्या सुरीचे आयुष्य व ती धरणाऱ्याची सुरक्षितता बऱ्याच अंशी यावरच अवलंबून असते. दर झोक्यास जड मुठींचा पूर्ण आघात या चिमुकल्या पिनेवर होतो. पिन सैल झाली की मूठ ठरलेल्या जागेच्या पुढे सरकते आणि पात्याची बैठक बिघडते. शोभेसाठी बनविलेल्या पुष्कळ मोठ्या सुऱ्या पातळ पत्र्याच्या मुठींच्या असतात व त्यांच्या खिळी नुसत्या ठोकून बसविलेल्या असतात. अशी सुरी भिंतीवर टांगण्यास ठीक, पण फिरविण्यास सर्वथा अयोग्य होय. मिटलेल्या सुरीची एक मूठ स्थिर धरून दुसरी बाजूला हलवून पाहिली असता टोकाशी मोठी हालचाल जाणवत असेल, तर खिळी झिजलेल्या आहेत असे समजावे.

धारमूठ व पाठमूठ : बालिसोंगच्या दोन मुठी दिसावयास सारख्या असल्या, तरी हाताळणाऱ्याच्या दृष्टीने त्या समान नाहीत. मिटताना पात्याची धार ज्या मुठीच्या खोबणीत शिरते तिला येथे धारमूठ म्हटले आहे. पात्याची बोथट पाठ जिच्याकडे येते ती पाठमूठ. पाठमूठ हातात असताना पाते उलटून बोटांवर आले, तर बोटांना पाठीचा ठोसा बसतो. धारमूठ हातात असताना तीच हालचाल बोटे कापते. या सुरीपासून होणाऱ्या बहुसंख्य जखमांचे कारण इतके साधे आहे. वेग किंवा कसरतीची अवघडता हे कारण त्यामानाने दुय्यम ठरते.

अनेक सुऱ्यांत कडी धारमुठीच्या टोकास बसविलेली असते. त्यामुळे ‘कडी नसलेली मूठ धरावी’ असा सोपा नियम नवशिक्यांना सांगितला जातो. तो सर्व सुऱ्यांना लागू पडत नाही. हाताने घडविलेल्या सुऱ्यांत कडीची बाजू कारागिराच्या मर्जीनुसार बदलते. काहींना कडीच नसते. सुरी प्रथम हातात घेतल्यावर ती दोन्ही हातांनी, सावकाश व अंगापासून दूर धरून उघडावी आणि धार कोणत्या मुठीत बसते ते प्रत्यक्ष पाहावे, हाच खात्रीचा मार्ग होय. पाठमुठीवर रंगीत धागा गुंडाळून किंवा खाच पाडून खूण केल्यास बोटांनाच ती ओळखू येते. मोठ्या सुरीवर अशी खूण अधिकच हवी. कारण काही कसरतींत हातातील मूठ मध्येच बदलते आणि लांब, जड मूठ डोळ्यांसमोरून जाताना कोणती कोणती हे पाहण्यास उसंत मिळत नाही.

आकाराचा परिणाम : एखाद्या सुरीची लांबी, रुंदी व जाडी ही सर्व दीडपट केली, तर तिचे वजन दीडपट होत नाही, ते लांबीच्या घनाच्या प्रमाणात म्हणजे सु. ३·४ पट होते. फिरत्या वस्तूच्या गतीस होणारा विरोध तिच्या निरूढी परिबलाने मोजतात. हे परिबल वजनावर आणि अंतराच्या वर्गावर अवलंबून असल्याने लांबीच्या पाचव्या घाताच्या प्रमाणात वाढते व दीडपट सुरीत सु. ७·६ पट होते. दुप्पट सुरीत वजन ८ पट व निरूढी परिबल ३२ पट होईल. प्रत्यक्षात कारागीर जाडी इतकी वाढवीत नाहीत. जाडी कायम ठेवून केवळ लांबी-रुंदी दीडपट केली, तरी वजन २·२५ पट व निरूढी परिबल सु. ५ पट भरते.

याचा अर्थ असा, की लहान सुरी ज्या कोनीय वेगाने फिरते त्याच वेगाने मोठी सुरी फिरविली, तर तिच्यात पाच ते साडेसात पट गतिज ऊर्जा साठते व ती थांबविताना तेवढीच बोटांना आणि मनगटाला सोसावी लागते. शिवाय टोकाचा प्रत्यक्ष वेग दीडपट असतो. उलटपक्षी, गुरुत्वाकर्षणाने झुलणाऱ्या लांब वस्तूचा दोलनकाल तिच्या लांबीच्या वर्गमुळाबरोबर वाढत असल्याने मोठी सुरी स्वाभाविकपणे थोडी संथ झुलते. दीडपट सुरीचा झोका सु. २२ टक्के अधिक वेळ घेतो. पाहणाऱ्यास ती डौलदार वाटते याचे कारण हेच. मात्र हा संथपणा फसवा असतो. लहान सुरीची लय हातात भिनलेला मनुष्य मोठ्या सुरीच्या बाबतीत क्षणभर आधीच मूठ पकडावयास जातो आणि तेथे मुठीऐवजी पाते येत असते.

तिसरा फरक हाताच्या मापाचा आहे. नेहमीच्या सुरीची मूठ साधारणपणे तळहाताच्या मापाची असते व उलटून आलेले पाते बोटांच्या पाठीवर विसावते. मोठ्या सुरीचे पाते त्याच हालचालीत बोटे ओलांडून मनगटाच्या पाठीपर्यंत किंवा त्याहीपुढे पोहोचते. पाठमूठ धरली असल्यास हा केवळ ठोसा असतो, पण टोकाच्या दोन्ही अंगांस धार असलेल्या पात्यांत पाठही निर्धोक राहत नाही. अशा दुधारी मोठ्या पात्याची सुरी फिरविण्यासाठी वापरूच नये.

हाताळणी : साध्या उघडणीत तीन झोके असतात. कडी सोडवून पाठमूठ अंगठा व बोटे यांत धरतात, खिळींची बाजू वर ठेवतात. पहिल्या झोक्यात धारमूठ व पाते बाहेर उसळते. मनगट अर्धवट वळवून दिलेल्या दुसऱ्या झोक्यात ते परत येऊन पात्याची पाठ बोटांच्या पाठीस लागते. तिसऱ्या झोक्यात पाते पुन्हा उघडते आणि धारमूठ वळून पाठमुठीस मिळते. मिटण्याची क्रिया याच्या उलट असते. बोटांभोवती सुरी लोळविणे, ती हवेत उडवून झेलणे, पंख्यासारखी डोलविणे इ. सर्व कसरती या तीन हालचालींच्या निरनिराळ्या जोडण्या होत.

मोठ्या सुरीत हेच झोके मनगटाऐवजी कोपरातून द्यावे लागतात. केवळ मनगटाने जड सुरी फिरविण्याच्या हट्टाने अग्रबाहूच्या स्नायुरज्जू दुखावतात. ही तक्रार कापण्याच्या जखमेइतकी नाट्यमय नसली, तरी ती आठवडेच्या आठवडे टिकते. मूठ कोठे धरावी हा प्रश्नही येथे नव्याने उभा राहतो. खिळींच्या जवळ धरल्यास हाताचा पल्ला व म्हणून श्रम कमी होतात, पण बोटे पात्याच्या वाटेजवळ येतात. खाली, टोकाकडे धरल्यास बोटे सुरक्षित राहतात, पण सुरी हातातून ओढली जाते. मुठीच्या मध्याच्या किंचित वर, खिळींच्या बाजूस धरणे ही मधली तडजोड बहुतेकांस सोयीची पडते. धरताना अंगठा खोबणीच्या कडेच्या आत जाऊ देऊ नये. दोन जड मुठी मिटताना मध्ये सापडलेली कातडी चिमटली जाते.

लहान सुरीवर सर्रास केल्या जाणाऱ्या हवाई कसरती मोठ्या सुरीवर कितपत कराव्यात याबद्दल जाणकारांत एकमत नाही. वर उडालेल्या सुरीचे तीनही भाग स्वतंत्रपणे फिरत असतात व त्यांची परत येतानाची मांडणी दर वेळी सारखी नसते. लहान सुरीबाबत ही अनिश्चितता हाताच्या चपळाईने भरून काढता येते. जड सुरीबाबत तसे करता येत नाही. धार असलेली मोठी सुरी हवेत उडविणे हे कौशल्याचे नव्हे, तर निव्वळ धाडसाचे प्रदर्शन ठरते.

सुटलेली सुरी झेलावयाची नाही, हा बालिसोंगचा सर्वांत महत्त्वाचा व अंगी बाणण्यास सर्वांत अवघड नियम आहे. पडणारी वस्तू पकडण्यासाठी हात आपोआप पुढे होतो. ही प्रतिक्षिप्त सवय मोडण्यासाठी मुद्दाम सराव करावा लागतो. काही शिक्षक आरंभी विद्यार्थ्यास बोथट सुरी जाणूनबुजून पाडावयास लावतात व प्रत्येक वेळी हात वर घेऊन एक पाऊल मागे सरकण्याची सवय लावतात. पाय मागे घेणेही तितकेच आवश्यक असते, कारण खाली पडलेली मोठी सुरी टोकावर आदळून उसळते. बंद जोडा, सपाट व मोकळी जमीन, हात पसरून त्यात सुरीची लांबी मिळविल्यावर होईल तेवढे भोवतालचे रिकामे वर्तुळ आणि त्यात अन्य कोणी, विशेषतः लहान मूल, नसणे, एवढे तरी असल्याविना सराव करू नये. सत्राच्या आरंभी व अखेरीस स्क्रू तपासावेत. आघातांनी ते हळूहळू मोकळे होतात.

सरावाची सुरी : नवशिक्याने धार नसलेल्या पात्यावर शिकावे यात दुमत नाही. अशा सरावाच्या सुरीचे टोक गोल असते, कडा बोथट असतात व पाते खऱ्यापासून चटकन वेगळे ओळखता यावे म्हणून त्यात भोके वा खाचा पाडलेल्या असतात. या भोकांचा आणखी एक उपयोग असा, की कड जाड ठेवल्याने वाढलेले वजन त्यांनी कमी होते आणि समतोल धारदार पात्याच्या जवळ आणता येतो. समतोल न जुळणाऱ्या सुरीवर केलेला सराव पुढे उपयोगी न पडता अडचणच करतो. धारदार पात्यावर चिकटपट्टी गुंडाळून सराव करण्याची युक्ती पुष्कळ ठिकाणी सुचविली जाते. घामाने व आघातांनी पट्टी सरकते, ती केव्हा सरकली हे कळत नाही, म्हणून तीवर भिस्त ठेवू नये. मर्दानी खेळांतील फरी-गदक्यात तलवारीऐवजी काठी घेऊन हात तयार करतात, तसेच फिलिपिनो आर्निसमध्येही प्रथम वेताच्या काठीवर शिक्षण होते. बालिसोंगची बोथट सुरी याच परंपरेत बसते. २००९ च्या कायद्याने आर्निस हा फिलिपीन्सचा राष्ट्रीय युद्धकलाप्रकार व क्रीडाप्रकार ठरला आहे.

मोठ्या आकारात मात्र बोथट सुरीही पूर्णपणे निर्धोक नसते. अर्धा किग्रॅ. पर्यंत वजनाची पोलादी पट्टी बोटाच्या सांध्यावर वेगाने आदळली, तर कातडी न फाटताही सांधा सुजतो आणि बारीक हाडास तडा जाऊ शकतो. यासाठी हलक्या लाकडाची वा प्लॅस्टिकची प्रतिकृती घेऊन हालचाल पक्की करणे, नंतर बोथट धातूची सुरी घेणे हा क्रम हिताचा होय. अनेक कुशल खेळाडू मोठ्या सुरीच्या बाबतीत बोथट पात्याच्या पुढे जातच नाहीत, आणि प्रेक्षकाला त्यामुळे काही उणे भासत नाही.

जखमा : बोटांच्या पाठीवर, सांध्यांवर आणि अंगठा व तर्जनी यांच्यामधील भागात जखमा अधिक होतात. बोट ताठ करणाऱ्या स्नायुरज्जू बोटाच्या पाठीवर कातडीच्या अगदी लगत असतात, त्यामुळे वरवर किरकोळ दिसणाऱ्या कापानेही त्या तुटू शकतात. स्वच्छ कापडाने जखमेवर सलग दहा मिनिटे दाब द्यावा व हात हृदयाच्या पातळीपेक्षा वर धरावा. मध्येच कापड उचलून पाहू नये. रक्त न थांबल्यास, बोट पूर्ण ताठ वा वाकते करता न आल्यास किंवा टोक बधिर वाटल्यास त्याच दिवशी शल्यचिकित्सकास दाखवावे. तुटलेली स्नायुरज्जू लवकर शिवली तर बोट पूर्ववत होण्याची शक्यता अधिक असते. दुर्लक्षित कापाने बोट कायमचे वाकडे राहू शकते. धनुर्वाताची लस घेतली आहे किंवा नाही हेही पाहावे.

कायदा : बालिसोंग झटकन उघडते म्हणून अनेक देशांनी तिला गुन्हेगारी शस्त्रांत गणले आहे. ब्रिटनमध्ये १९८८ च्या आदेशाने तिची निर्मिती, विक्री व आयात यांवर बंदी आली आणि २०१९ च्या कायद्यानुसार २०२१ पासून ती घरात बाळगणेही गुन्हा झाला. जर्मनीत २००३ पासून ती निषिद्ध शस्त्रांच्या यादीत आहे. कॅनडातही ती निषिद्ध शस्त्र समजली जाते. अमेरिकेतील कायदे राज्यागणिक भिन्न आहेत, कॅलिफोर्नियात २ इंच (सु. ५ सेंमी.) वा अधिक लांब पात्याची सुरी अंगावर बाळगता येत नाही. खुद्द फिलिपीन्समध्ये १९७८ च्या कायद्यान्वये धारदार हत्यार घराबाहेर बाळगण्यास मनाई असून, चरितार्थाचे साधन म्हणून वापर होत असल्यास सूट आहे. बातांगासचा कारागीर सुरी घडवू शकतो, पण गिऱ्हाइकाला ती खिशात घालून मानिलात हिंडता येत नाही, अशी ही स्थिती आहे.

भारतात बालिसोंगचा नावाने उल्लेख करणारी तरतूद नसली, तरी १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालील नियमांत ९ इंचांहून (सु. २२·९ सेंमी.) लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या, घरगुती, शेतकी, वैज्ञानिक व औद्योगिक उपयोगाच्या वगळून, शस्त्रांच्या पाचव्या वर्गात मोडतात. नेहमीच्या आकाराची बालिसोंग या मर्यादेच्या बरीच आत राहते. दुपटीहून मोठ्या आकाराची, शोभेची म्हणून घेतलेली सुरी मात्र ती ओलांडू शकते. अशा शस्त्रांसाठी परवान्याची आवश्यकता केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या क्षेत्रांत लागू होते. महाराष्ट्रात १९५१ च्या पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली वेळोवेळी निघणाऱ्या मनाई आदेशांच्या काळात सार्वजनिक ठिकाणी कोणत्याही आकाराची सुरी बाळगणे गुन्हा ठरते. धार नसलेली सरावाची सुरीही लांबून खऱ्यासारखीच दिसत असल्याने ती बंद पेटीतून नेणे इष्ट होय.